बॅटरीबाईंनी न पाहिलेली सुरुवात

माझ्या सासूबाईंना उशिरा येणारी माणसं चालत नाहीत. चोर एकवेळ परवडला, तो निदान वेळ साधून येतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पसंत पडले तीही काही रूपागुणांमुळे नव्हे. त्यांच्या मुलाने मला पहिल्यांदा घरी चहाला बोलावलं, तेव्हा पत्ता शोधण्यात वेळ जाईल म्हणून मी लवकर निघाले आणि ठरलेल्या वेळेआधीच दारात जाऊन उभी राहिले. दार त्यांनीच उघडलं. आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत वळून मुलाला म्हणाल्या, "हिला सोडू नकोस रे." मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

ज्या बाईचं अख्खं आयुष्य उशिरा येणाऱ्यांची सोय लावण्यात गेलं, तिने आणखी काय बोलावं म्हणा. आमच्या शहरातल्या जुन्या थिएटरात त्या डोअरकीपर होत्या. दारावर तिकिटं फाडायची, आणि आत अंधार झाल्यावर जे धापा टाकत येतील त्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. लोक त्यांना बॅटरीबाई म्हणत, अजूनही म्हणतात. बाजारात एखादा पिकल्या केसांचा गृहस्थ समोर येतो आणि कौतुकाने विचारतो, "बॅटरीबाई, ओळखलं का?" त्या त्याला आपादमस्तक न्याहाळतात. "न ओळखायला काय झालं? बाल्कनी, कोपऱ्यातली खुर्ची, आणि कायमचा उशीर. शेजारी कोण बसायचं ते सांगू का इथं?" गृहस्थ बायकोचा हात धरून लगबगीने चालू लागतो.

त्याच थिएटरात, पडद्याच्या पलीकडे, माझे सासरे होते. ते पडदा ओढायचे. लोक त्यांना पडदेकाका म्हणत. नवरा-बायको घरातून बरोबर निघायचे, फाटकापाशी वेगळे व्हायचे. ह्या पुढच्या दाराने, ते मागच्या बोळातून. खेळ संपला की पुन्हा फाटकापाशी भेटून बरोबर घरी. एका छपराखाली इतकी वर्षं नोकरी केली, पण एकमेकांची काम करायची जागा दोघांनी कधी पाहिली नाही. थिएटरच्या जुन्या मॅनेजरचा नियमच होता, पुढच्यांनी मागे जायचं नाही आणि मागच्यांनी पुढे यायचं नाही. नियमाला कारणही घडलं होतं. एकदा एका शोकांतिकेत नायक खाली कोसळून अखेरचे श्वास घेत असताना सोडावाला रिकाम्या बाटल्या शोधत शोधत थेट स्टेजवर आला आणि नायकालाच विचारता झाला, "साहेब, बाटली झाली का?" नायकाने मरता मरता मान हलवून "हो" म्हटलं म्हणतात. त्या दिवसापासून मॅनेजरने मधल्या दाराला कुलूप घातलं.

थिएटर बांधलं होतं एका लाकूडव्यापाऱ्याने, हौसेखातर. लाकूड घरचंच, त्यामुळे त्याने हात आखडला नाही. बाल्कनीचे कठडे, खुर्च्या, जिने, सगळं अव्वल लाकडाचं. हा व्यापारी कानाने अधू होता. आपल्याला ऐकू आलं म्हणजे कोणालाही ऐकू येईल, असा हिशोब करून त्याने गवंड्यांना भिंती पुन्हा पुन्हा बांधायला लावल्या, आणि त्यामुळे स्टेजवर कुणी पुटपुटलं तरी शेवटच्या रांगेत कळतं. स्वतः मात्र तो पहिल्या रांगेत बसून घोरायचा, तेही शेवटच्या रांगेत कळायचं. हे सगळं मी सासूबाईंकडून ऐकलेलं. त्यांनीही कुणाकडून तरी ऐकलेलंच असणार.

तर मुद्दा असा की सासूबाईंनी त्या थिएटरात असंख्य नाटकं पाहिली, पण एकाचीही सुरुवात पाहिली नाही.

तिसरी घंटा झाली, दिवे गेले, पडदा उघडला की त्यांची खरी धावपळ सुरू. कुणाचा मुलगा शेवटच्या क्षणी रडला, कुणाची चावी हरवली, कुणाला नाटकापेक्षा भजी प्यारी. मॅनेजरने शिकवलेलं, बॅटरी जमिनीवर आणि नजर पायांवर. स्टेजकडे बघायचं नाही, बघितलं की माणूस पायरी चुकतो. ऐकूही काही यायचं नाही, आत असल्या की उशिरा आलेल्यांची कुरकुर कानाशी, आणि बाकीचा वेळ त्या जाड दाराबाहेर. शेवटचा उशिरा येणारा खुर्चीत टेकेपर्यंत गोष्ट पार पुढे गेलेली असायची. मग त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि उरलेलं नाटक शेवटपर्यंत बघायच्या. खून झालाय हे त्यांना ठाऊक, कोणाचा ते नाही. लग्न मोडतं ते पाहिलेलं, जुळलं कसं ते ठाऊक नाही. वरून सांगतात, "त्याने काही अडत नाही गं. शेजाऱ्यांच्या घरातलं तरी आपल्याला कुठं पहिल्यापासून ठाऊक असतं?"

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून का नाही बघितलं?"

"सुट्टी म्हणजे थिएटरलाच सुट्टी. आणि तिकीट कशाला काढायचं? हे सांगायचे ना घरी."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

सासरे सुरुवात सांगायचे ती सकाळी. रात्री दोघं दमून आलेले असायचे, बोलायचं त्राण नसायचं. सकाळी चहाच्या वेळी ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे, कप हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "पडदा वर गेला." तसं म्हणताना कपाचा हातही हळूहळू वर जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा थिएटर अजून चालू होतं, त्यामुळे मीही ते ऐकलं आहे. माणूस एरवी इतका अबोल की भाजीत मीठ नसलं तरी बोलणार नाही, उठून स्वतःच घेईल. पण सुरुवात सांगताना त्यांना शब्द सुचायचे.

ऐकायला मी असायचे आणि सासूबाई असायच्या. सासूबाईंची सकाळ ठरलेली. उठायचं, चहाचं आधण ठेवायचं, केस बांधता बांधता दातात पिना धरायच्या आणि तशाच स्वयंपाकघरातली खिडकी उघडायची. ती खिडकी फुगलेली, दोन्ही हातांनी ढकलावी लागते, म्हणून पिना दातातच राहतात. घरात माझी पहिली सकाळ होती तेव्हा मी "साखर किती घालू?" म्हणून विचारलं, तर पाठमोऱ्या उभ्या राहून "हं हं हं" असं काहीतरी गुरगुरल्या. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी बिनसलं. मी रडकुंडीला आले. मग त्या वळल्या आणि तोंडातून पिना काढून म्हणाल्या, "दोन चमचे. आणि रडतेस काय?"

सासऱ्यांची सगळ्यांत नावाजलेली सुरुवात होती 'वरची खोली' या नाटकाची. इथल्याच एका शाळामास्तरांनी लिहिलेलं, इथल्याच मंडळींनी बसवलेलं, आणि शहराने डोक्यावर घेतलेलं. एका भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईची गोष्ट. त्याचे इतके प्रयोग झाले की सासूबाईंना मधला भाग आणि शेवट तोंडपाठ. सुरुवात अर्थातच सासऱ्यांकडून.

"पडदा वर गेला," ते सांगायचे. "खोली. कोणी नाही. एक टेबल, एक खुर्ची आडवी पडलेली. कोपऱ्यात आधण ठेवलेलं, त्याची वाफ. बराच वेळ काही नाहीच, नुसती वाफ. लोक गप्प. मग आतून बाई येते. काही बोलत नाही. खुर्ची सरळ करते. मग जाऊन खिडकी उघडते. उजेड आत येतो, आणि मग कळतं, सकाळ झाली."

"पुढे?" सासूबाई विचारायच्या.

"पुढचं तुला माहीत आहे."

त्यांच्या सगळ्याच सुरुवाती थोड्याफार अशा असायच्या. नाटक कुठलंही असो, एखादी बाई यायची आणि काहीतरी सरळ करायची, नाहीतर उघडायची. एका ऐतिहासिक नाटकात म्हणे पडदा वर जातो तेव्हा राणी दातात पिना धरून महालाची खिडकी उघडत असते. सासूबाईंनी तेव्हाच हरकत घेतली होती. "राणी स्वतःच्या पिना स्वतः लावते होय?"

"त्या दिवशी दासी आली नव्हती," सासरे म्हणाले आणि चहा संपवून उठले.

पुढे दिवस बदलले. लोक घरी बसून बघायला लागले. नाटक मंडळी पांगली. एका पावसाळ्यात थिएटरच्या छताचा मोठा तुकडा रिकाम्या खुर्च्यांवर कोसळला आणि मालकांनी टाळं लावलं. काही वर्षं तिथे सिमेंटची पोती ठेवत, नंतर तीही गेली आणि कबुतरं राहिली. टाळं लागलं तसे सासरे घरी बसले आणि थोड्याच वर्षांत गेलेही. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही, स्वभावाप्रमाणे.

त्यानंतर सासूबाईंनी सुरुवाती सांगायला घेतल्या. मला, माझ्या मुलीला, माझ्या शिवणाच्या दुकानात माप द्यायला आलेल्या गिऱ्हाईकांना. सासऱ्यांच्याच शब्दांत, तसाच हात वर करत. 'वरची खोली' तर विचारू नका. "काय सुरुवात आहे," असं म्हणून त्या डोळे मिटायच्या. "बघायची राहिली बघ." घरी टीव्हीवर काही लागलं तर मात्र सुरुवातीलाच उठून दार बघून यायच्या, कुणी आलंय का. सवय, दुसरं काय. मग मधूनच येऊन बसायच्या आणि आम्हाला विचारायच्या, "हा कोण?"

मध्यंतरी शहरातल्या काही लोकांनी मनावर घेतलं आणि थिएटर दुरुस्त करायला काढलं. समिती झाली, सभा झाल्या, भांडणं झाली. कामही झालं, हे विशेष. कबुतरं हाकलली, छत नव्याने घातलं, कठड्यांवरचा रंगावर रंग खरवडून काढला तेव्हा खाली व्यापाऱ्याचं ते लाकूड जसंच्या तसं. खुर्च्यांची कव्हरं शिवायचं काम माझ्याकडे आलं. निळी की मरून यावर समितीत दोन तट पडले होते. मी घरी येऊन सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "अंधारात कोण बघतंय?" तोच मुद्दा मी समितीपुढे मांडला आणि मरून झालं, कारण मरून कापड माझ्याकडे आधीच येऊन पडलं होतं.

कव्हरं बसवायला मी रोज तिथे जायचे. एक दिवस स्टेजवर तालीम सुरू झाली. उद्घाटनाला 'वरची खोली' करायचं ठरलं होतं, नव्या पोरांनी, जुन्या संहितेवरून. मी खुर्चीपाशी गुडघे टेकून टाचण्या लावत होते. कान मात्र टवकारलेले, कारण हे नाटक मीही कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, आता ती वाफ येणार, आता ती बाई येणार.

पडदा वर गेला. स्टेजवर बनियनमधला घरमालक, आणि समोर दूधवाला. "यात पाणी किती आणि दूध किती ते एकदा सांग!" घरमालक ओरडला. "पाणी तुमच्याच नळाचं आहे मालक, त्यात काय वाईट?" दूधवाला त्याहून वर ओरडला. दोघांची अशी जुंपली की विचारू नका. ना वाफ, ना आडवी खुर्ची, ना खिडकी. बाई येते ती चांगली भांडण मिटल्यावर, पिशवी घेऊन, खोली भाड्याने मागायला.

मी त्या मुलांना विचारलं, "सुरुवात बदललीत का तुम्ही?"

"नाही हो काकू. मास्तरांनी लिहिलंय तस्संच."

माझं डोकं तापलं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले. एवढा सरळमार्गी माणूस, आणि रोज सकाळी बायकोला थाप मारायचा? त्याला काय गरज होती? आणि मुख्य म्हणजे, आता मी काय करू? उद्घाटनाची दोन आमंत्रणं बॅटरीबाईंच्या नावाने घरी आली होती. सासूबाईंनी ती टीव्हीवर उभी करून ठेवली होती, येता-जाता बघता यावीत म्हणून. त्या कधी नव्हे ते काहीतरी पहिल्यापासून बघणार होत्या, आणि त्यात पहिल्याच मिनिटाला त्यांना कळणार होतं की नवऱ्याने जन्मभर खोटं सांगितलं.

मी माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्ताच सांगून टाक. तिथे धक्का बसण्यापेक्षा बरं."

"तू सांग. तुझी आई आहे."

"तुझं आणि तिचं जास्त जमतं."

अशा वेळी बरं जमतं आमचं. मी कपाळाला हात लावला. सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण त्या ठेवणीतली शाल उन्हात घालत होत्या आणि गुणगुणत होत्या. माझी काही जीभ रेटेना. शेवटी मी ठरवलं, न्यायचं, पण उशिरा न्यायचं. सुरुवात चुकवायची. इतक्या चुकल्या, आणखी एक चुकली तर काय बिघडलं? मधल्या भागापासून त्यांना सगळं खरंच ठाऊक होतं.

हा बेत कुणाच्या बाबतीत करत होते तेच मी विसरले. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी जेवणं झाली तशा सासूबाई शाल पांघरून, पर्स मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या. पर्समध्ये त्यांची जुनी बॅटरीही होती, सेल संपलेली. मी त्यांच्या चपला कपाटामागे सरकवल्या. त्यांनी न बोलता माझ्या घातल्या. मी म्हटलं, माझं पोट दुखतंय. त्या म्हणाल्या, "तिथे जाऊन दुखू दे." मी घड्याळ मागे करायला गेले तर माझी मुलगी ओरडली, "आई, काय करतेस?" घरभेद्यांपुढे कुणाचं चाललंय? आम्ही थिएटरात पोचलो तेव्हा झाडूवाली शेवटचा हात मारत होती.

समितीने आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सासूबाईंनी ती रांग नाकारली. "मान दुखते, आणि नटांची थुंकी उडते," त्या म्हणाल्या आणि मधल्या रांगेत कडेची खुर्ची धरली. खुर्चीवर हात फिरवला. "बसायला बरी आहे गं. मी कधी बसलेच नव्हते."

भाषणं झाली. ती किती झाली ते मी सांगत नाही, समितीतली माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत. मग घंटा झाल्या. दिवे गेले. सासूबाईंनी माझा हात धरला. मला अजूनही वाटत होतं की उठावं, काहीतरी निमित्त काढून त्यांना बाहेर न्यावं. उठले नाही.

मोटरीचा घर्र आवाज झाला आणि पडदा वर गेला.

"यात पाणी किती आणि दूध किती ते एकदा सांग!"

सगळं थिएटर हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे आधीचं आहे का? ती सुरुवात यानंतर आहे का?" पुन्हा थोड्या वेळाने, "कापली की काय यांनी?" तेवढ्यात बाई आली, पिशवी घेऊन, आणि घरमालकाला नमस्कार करून म्हणाली, खोली आहे का रिकामी. माझ्या हातातला हात सैल झाला. त्यांना कळलं होतं.

नंतर मधला भाग आला, त्यांच्या पाठांतराचा. एरवी त्यांचे ओठ नटांच्या आधी हलले असते. त्या नुसत्या समोर बघत बसल्या होत्या. उशिरा येणारे येत होते, पायऱ्यांना लावलेल्या छोट्या दिव्यांच्या उजेडात आपापले जाऊन बसत होते. त्यांच्याकडेही त्यांनी मान वळवली नाही.

मध्यंतर झालं तशा त्या उठल्या. "चल घरी."

"आई, शेवट तरी..."

"शेवट मी खूप वेळा बघितलाय." आवाज बारीक झाला होता. "सकाळी सकाळी, माझ्या हातचा चहा पिता पिता, तोंडावर खोटं सांगायचे गं. आणि मी अख्ख्या गावाला सांगत सुटले. हसले असतील लोक मला. हे पण हसत असतील मनात."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एवढ्यात स्टेजची व्यवस्था बघणारा गृहस्थ आम्हाला शोधत आला. पडदेकाकांचं जुनं चाक दुरुस्त करून जागेवर ठेवलंय, बॅटरीबाईंना दाखवायचंय, मध्यंतर संपायच्या आत चला, म्हणाला.

"मी नाही येत," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्यांनी मागे जायचं नाही."

माझा तोल गेला. "मॅनेजर गेला, त्याचा नियम त्याच्याबरोबर गेला. चला म्हणते ना!" असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या चकित होऊन माझ्यामागून आल्या.

मधलं दार आता उघडंच होतं. विंगेत, कोपऱ्यात, ते चाक. पुरुषभर उंचीचं, लाकडी, भिंतीत घट्ट बसवलेलं, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. दांडे हाताने घासून गुळगुळीत झालेले. चाकाच्या मागचा भिंतीचा भाग दुरुस्तीवाल्यांनी मुद्दाम जुनाच ठेवला होता, तेलकट, काळपट.

"हात लावा ना," गृहस्थ म्हणाला. "आता पडदा मोटरीवर आहे, काही होत नाही."

सासूबाई पुढे झाल्या. दोन्ही दांडे धरून उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या आणि थबकल्या.

"स्टेज कुठंय?"

"तुमच्या पाठीमागे."

"मग इथून बघायचे कसे ते?"

"बघायला कुठं मिळायचं, बाई. या चाकाचे दाते झिजलेले होते. पडदा वर गेला की अंगाचा भार देऊन, दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. हात सोडला की पडदा खाली. वर माळ्यावर दोर बांधणारा म्हातारा भारी सावकाश होता म्हणतात. त्याचं होईपर्यंत काका असे भिंतीकडे तोंड करून उभे, कानाशी चाकाची करकर, ऐकूही काही यायचं नाही. मोकळे व्हायचे तोवर पहिला प्रवेश गेलेला असायचा."

गृहस्थाला कुणीतरी हाक मारली म्हणून तो गेला. सासूबाई तशाच उभ्या. नाकासमोर हातभर अंतरावर भिंत.

"म्हणजे यांनीही नाही पाहिली," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा नाही पाहिली."

"नाही."

"मला सांगायचे नाहीत गं. वेड्यासारखी रोज विचारायची मी. पडदा ओढणाऱ्यालाच सुरुवात माहीत नाही, हे कसं सांगतील?" मग त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला, खरंच भिंत आहे ना बघितल्यासारखा. "पण मग ती बाई कुठं दिसली यांना? खिडकी उघडणारी? इथं तर काहीच नाही."

मला ते त्याच क्षणी कळलं. आधण, त्याची वाफ, पाठमोरी बाई, फुगलेली खिडकी. आणि समोर स्टुलावर हातात कप घेऊन बसलेले सासरे.

"आई," मी म्हटलं, "आपल्या घरात रोज सकाळी दातात पिना धरून खिडकी कोण उघडतं?"

त्यांचा हात आपोआप केसांकडे गेला. अंबाड्यातली पिन चाचपली. बाहेर घंटा झाली, मग आणखी एक झाली, नटमंडळी आमच्या बाजूने धावत गेली, कुणीतरी "काकू, जागेवर जा" म्हणालं. त्या चाक सोडेनात.

"तरी मी म्हटलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या, आणि हसू आणि रडू एकदमच आलं त्यांना, "राणी स्वतःच्या पिना स्वतः कशी लावते."

त्यांनी शालीने डोळे पुसले. मग तीच शाल घेऊन ते दांडे पुसले, दोन्ही. तोवर पडदा वर गेला होता.

आम्ही आत आलो तेव्हा पूर्ण काळोख, स्टेजवर नाटक रंगात आलेलं. पायऱ्यांच्या दिव्यांवरून चाचपडत, लोकांच्या पायांवर पाय देत आम्ही रांगेत शिरलो. एक गृहस्थ वैतागून फिसकारले, "वेळेवर यायला काय होतं लोकांना!" मी त्यांना चांगलं सुनावणार होते. सासूबाईंनी माझा दंड दाबला आणि त्यांच्याकडे वाकल्या.

"बरोबर आहे हो तुमचं," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या ह्यांना भेटायला गेले होते जरा."